लाल टोपीतले पाणी

त्या अकरा परदेशी बायका माझे विणकाम पाहायला समुद्र ओलांडून आल्या होत्या. अडचण एवढीच होती की मी विणत नाही.

मोठ्या तळ्यामधल्या आमच्या ताकिले बेटावर सुया पुरुषांच्या हातात असतात. मुलगा सात वर्षांचा झाला आणि पाचही सुया सांभाळू लागला की त्याला माणसांत धरतात. मग तो चालताना, मेंढ्यांमागे फिरताना, रविवारच्या सभेत हात वर करून मत देतानाही विणतच असतो. चातीवर सूत काढणे आणि मागावर कमरेचे पट्टे विणणे हे आम्हा बायकांचे काम. माझ्या पट्ट्याने माझ्या मारियानोची कंबर बेचाळीस वर्षे ताठ ठेवली; त्याच्या कण्याला ते एकट्याने जमले असते, असे मला कधीही वाटले नाही.

परंतु या बायकांना तळ्याकाठच्या पूनो शहरातून घेऊन येणाऱ्या विल्बर नावाच्या वाटाड्याने सहलीच्या कागदावर ‘ताकिलेच्या आज्यांसोबत विणा’ असे छापून ठेवले होते. छापलेले खोटे ठरू नये म्हणून पहिल्याच सकाळी त्याने माझ्या अंगणात येऊन सुयांचा जुडगा माझ्यापुढे धरला.

"आजीबाई, नुसत्या हातात धरा ना. फोटोपुरत्या."

"आणि तू परकर नेस. फोटोपुरता."

"अहो, या बायका किती लांबून आल्यात! सहलीचं नावच आहे ‘आज्यांचा धागा’."

"मग तुझी आजी आणायचीस."

त्याची आजी पूनोच्या बाजारात प्लास्टिकच्या बादल्या विकते, हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. त्याने जुडगा खाली ठेवला.

बायका मात्र सुया खाली ठेवणाऱ्या नव्हत्या. लोकर पाहायला येताना त्यांनी सोबत पिशव्या भरभरून लोकर आणली होती. धक्क्यापासूनच्या पाचशेहून अधिक पायऱ्या चढून येईपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते, तरी बसल्या जागी त्यांनी सुया काढल्या. त्यांच्यातल्या एकीकडे जाड वही होती आणि तिला प्रत्येक नक्षीचा अर्थ हवा होता. माझ्या पट्ट्यावरच्या एका वाकड्या रेघेवर बोट ठेवून तिने विचारले, तेव्हा विल्बरने डोळे मिटून सांगितले की तो आत्म्याचा पर्वतांकडे जाणारा मार्ग आहे. ती रेघ विणताना माझी सासू मागून ओरडली होती आणि माझा हात हलला होता. वहीवालीने आत्म्याचा मार्ग उतरवून घेतला, खाली दोन रेघाही ओढल्या.

या गडबडीतच आमच्या घरी टोपीची परीक्षा व्हायची होती.

माझी नात सेलिना हिला एलादिओ युक्राशी लग्न करायचे होते. आमच्याकडे मुलाने लग्नाची लाल टोपी स्वतः विणून मुलीच्या घरी आणायची असते. तिची कड दोन्ही हातांनी धरायची, तीत तळ्याचे पाणी काठोकाठ ओतायचे, आणि कोकाच्या पानांचा एक तोबरा चघळून होईपर्यंत एक थेंबही जमिनीवर पडता कामा नये. पडला, तर पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबायचे. माझ्या आजेसासूने हा नियम मला याच शब्दांत सांगितला आणि मी त्यातली एक मात्राही बदललेली नाही. बेटावर इतर घरांत हल्ली अर्ध्या तोबऱ्यावर भागवतात, असे कानावर येते. इतर घरांत काय काय चालते त्याबद्दल मी बोलत नाही.

एलादिओची पहिल्या वर्षीची टोपी पाणी गाळायला उत्तम होती. दुसऱ्या वर्षी माझा दीर बोनिफासिओ पाने तोंडात टाकेपर्यंत ती टिकली. मुलगा वाईट नव्हता. होडी चालवायचा, छपरे शाकारायचा, सणाला बासऱ्यांच्या ताफ्यात पुढे उभा राहायचा. पण तो विणता विणता बोलायचा, बोलता बोलता हसायचा, आणि प्रत्येक हसण्यासरशी त्याचा एकेक टाका सैल व्हायचा. यंदा टोपी गळली तर हा विषय कायमचा संपला, असे मी इस्टरलाच जाहीर केले होते. फर्मिन माचाका तयारच होता. त्याने विणलेली टोपी रिकामी असली तरी मडक्यासारखी उभी राहते.

"आजी, फर्मिन वर्षातनं तीनदा बोलतो," सेलिना म्हणाली.

"कमी बोलणारा नवरा नशिबानं मिळतो."

"मग त्याच्या टोपीशीच लाव माझं लग्न. दोघांत तीच जास्त बोलते."

"ज्याला टाके धरता येत नाहीत तो घर काय धरणार?"

"एलादिओच्या टोपीत पाणी राहत नाही, पण त्याच्या होडीत पाणी शिरतही नाही. मला संसार टोपीत करायचाय का?"

मी तिला चुलीवरचे बटाटे बघायला सांगितले. बटाटे केव्हाच उकडून झाले होते, हे दोघींनाही ठाऊक होते.

पाहुणे आमच्या बेटावर पाळीप्रमाणे घरोघर वाटले जातात. त्या वेळी माझ्या वाट्याला वहीवाली आली आणि तोरिल नावाची नॉर्वेची एक विधवा आली. तोरिल माझ्याच वयाची. तिने मला एकही अर्थ विचारला नाही. मुन्या नावाच्या रानपाल्याचा काढा प्यायची, माझ्या मागाकडे तासभर नुसती पाहत बसायची आणि हातातले विणकाम न पाहता पुढे सरकवायची. इतके घट्ट टाके मी आमच्या पुरुषांच्याही हातून क्वचित पाहिले होते. अर्थात हे मी तिला सांगितले नाही. दुपारी ती कुंपणाच्या दगडी भिंतीवर जाऊन बसे. दुसऱ्या दिवसापासून त्याच भिंतीवर, तिच्या शेजारी, एलादिओही विणताना दिसू लागला. तो आमच्या भाषेत अखंड बोलायचा, ती तिच्या भाषेत अधूनमधून काही म्हणायची आणि दोघे खूश असायचे. मला वाटले, निदान शेजारचे पाहून तरी हात सुधारेल.

परीक्षेच्या दिवशी माझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. विल्बरने अकराही बायकांना सावलीची बाजू बघून बसवले होते. तो मधूनमधून हळू आवाजात त्यांना काहीतरी पवित्र सांगत होता. माझा मुलगा, सेलिनाचा बाप रुफिनो तळ्यावरून घागर भरून घेऊन आला. बोनिफासिओने पानांची पिशवी सोडली. त्याला आता तीनच दात उरले आहेत, त्यामुळे त्याचा तोबरा इतर कोणाहीपेक्षा दुप्पट वेळ चालतो. वेळ मोजण्याचे काम मी त्याच्याकडेच ठेवले आहे.

एलादिओने टोपी धरली. मी पाणी ओतले. बोनिफासिओ चघळू लागला.

टोपी गळली नाही. तळाशी ओलसर डागसुद्धा आला नाही. बोनिफासिओने चोथा थुंकला, सेलिनाने किंकाळी फोडली, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि रुफिनोने, ज्याला मी विचारलेलेही नव्हते, होणाऱ्या जावयाला मिठी मारली.

मी टोपी रिकामी करून हातात घेतली.

आमचे पुरुष टोपी उलटी धरून, आतली बाजू आपल्याकडे ठेवून विणतात. त्यामुळे ती सरळ केली की एक फेर संपून दुसरा सुरू होतो तिथली बारीक पायरी उजवीकडे चढलेली दिसते. माझ्या नवऱ्याच्या टोपीत, मुलाच्या टोपीत, त्या घुम्या फर्मिनच्याही टोपीत ती उजवीकडेच चढते. या टोपीत ती डावीकडे चढत होती.

मी मान वर करून पाहिले. सावलीत तोरिल बसली होती. तिच्या डोक्यावर एक लाल टोपी होती, आणि त्या टोपीच्या सैल टाक्यांतून तिचे पांढरे केस जागोजागी डोकावत होते.

"टोपी परीक्षेला उतरली," मी म्हणाले. "आता जिनं विणली तिच्याशी सेलिनाचं लग्न लावून देते. तोरिलबाई, पुढं या."

हशा आधी आला, समज नंतर. एलादिओचा चेहरा माझ्या हातातल्या टोपीइतका लाल झाला.

"आजी, मी फसवलं नाही. म्हणजे... फसवलं. पण त्यांनीच दिली हो! मी माझी दाखवली, त्या हसल्या, ती डोक्यावर घातली आणि माझी बघून विणलेली त्यांची माझ्या हातात ठेवली. आम्हाला एकमेकांचं काही कळतच नाही."

"तुला जेवढं कळायला हवं होतं तेवढं बरोबर कळलं."

"मी परत करायला गेलो होतो."

"कधी?"

"जाणार होतो."

मी चालत जाऊन तोरिलच्या डोक्यावरची टोपी काढली. हा मान असावा असे समजून तिने मान वाकवली. टोपी मी एलादिओच्या हातात दिली आणि घागर पुन्हा उचलली. अंगणात कोणी श्वास घेत नव्हते. तो माझ्या उपस्थितीचा नेहमीचा परिणाम आहे.

"आजी, आधीच सांगतो, ती गळणार," एलादिओ म्हणाला. त्या दिवसात त्याने उच्चारलेले हे पहिले संपूर्ण सत्य होते.

"बोनिफासिओ, नवा तोबरा घ्या."

मी ओतले. टोपीचा तळ काळा पडला, मग चमकला, मग तिथे एक थेंब जमून लोंबू लागला. एलादिओने डोळे मिटून घेतले. थेंब सुटला.

तो सेलिनाच्या ओंजळीत पडला.

ती कधी पुढे आली, मी पाहिले नाही. टोपीखाली गुडघे टेकून तिने ओंजळ धरली होती. दुसरा थेंब आला, तिसरा आला, मग धारच लागली. ओंजळ भरत आली की ती सावकाश उठायची, एलादिओ टोपी पुढे करायचा, ती पाणी परत टोपीत ओतायची आणि पुन्हा खाली बसायची. उठताबसता बोटे इतकी घट्ट मिटलेली की नखे पांढरी पडली होती. मधल्या क्षणी थेंब सुटू नये म्हणून एलादिओ टोपीच्या तळाला आपली हनुवटी लावायचा. त्याची दाढी भिजली, गळा भिजला, सदरा भिजला.

"सेलिना, बाजूला हो."

"नियम सांग, आजी."

"नियम मला शिकवतेस?"

"नाही. तूच सांग. जसा तुझ्या आजेसासूनं सांगितला तसा, शब्दाला शब्द."

सगळे अंगण माझ्याकडे पाहत होते. वहीवालीची पेन्सिलही थांबली होती. इतक्या वर्षांत मी तो नियम कमी-जास्त करून कधी सांगितला नव्हता, आणि अकरा परक्या बायकांसमोर तो सुधारून घेण्याची माझी तयारी नव्हती.

"तोबरा चघळून होईपर्यंत," मी म्हणाले, "एक थेंबही जमिनीवर पडता कामा नये."

"पडलाय?"

मी खाली पाहिले. जमीन कोरडी ठणठणीत होती.

बोनिफासिओ तीन दातांनी इतक्या घाईने चघळत होता की त्याचे कान हलत होते. "वहिनी, झाला," तो पुटपुटला आणि लगेच थुंकला.

"इतक्या लवकर?"

"वहिनी, उगाच बोलायला लावू नका. दादाच्या टोपीखाली त्या दिवशी तुमचा परकर होता. मी तिथंच बसलो होतो."

बोनिफासिओला वयोमानाने काहीबाही आठवते. माझ्या लग्नाच्या परीक्षेला थंडी होती, म्हणून मी सहा परकर नेसले होते आणि नीट दिसावे म्हणून टोपीच्या अगदी जवळ उभी होते. सणाचा पोशाख दिवसभर ओला राहिला त्याचे कारण धुके होते.

मी घागर खाली ठेवली.

"जमीन कोरडी आहे," मी म्हणाले. "लग्नाची तयारी करा. आणि हा मुलगा पुसा कोणीतरी, लग्नाआधीच वाहून जायचा."

सेलिना ओल्या हातांनी माझ्या गळ्यात पडली. शालीवरचा तो डाग अजून गेलेला नाही.

इथेच सगळे संपले असते. पण विल्बर उठून उभा राहिला होता, डोळे मिटून. टोपी म्हणजे पुरुष, ओंजळ म्हणजे स्त्री, आणि मधले पाणी म्हणजे स्वतः पाचामामा, आमची धरणीमाता, असे तो बायकांना समजावत होता. हा विधी पाचशे वर्षांचा आहे म्हणे. बायका रडल्या. वहीवालीने दोन पाने भरली.

पुढच्या सहलीच्या कागदावर ‘नवरीची ओंजळ’ मोठ्या अक्षरांत छापून आली. या मे महिन्यात बेटावर तीन लग्ने झाली आणि तिन्ही नवऱ्या ओंजळ धरून गुडघ्यांवर बसल्या. फर्मिनचीही बसली. त्याच्या टोपीतून काही केल्या थेंब येईना. बिचारी कोरड्या हातांनी रडकुंडीला आली, पाहुण्यांचा हिरमोड झाला, आणि विल्बरने फर्मिनला यापुढे जरा सैल विणायची विनंती केली. उत्तरादाखल फर्मिन वर्षातले चौथे वाक्य बोलला असे ऐकते. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

एलादिओ आपली गळकी टोपीच घालतो. तोरिलची माझ्याकडे राहिली. तिच्यात मी कोंबड्यांसाठी पाणी ठेवते. वर्ष झाले, खालची जमीन कोरडी आहे.