रसिकाच्या बदल्यात

हरिहर सर स्वतः ठाकुर्लीला आले, तेव्हाच संचिताला कळलं की काम मोठं असणार. सर कळव्याच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे कोच. संचिता ठाकुर्लीच्या संघाची. जिल्ह्यातल्या छोट्याशा लीगमध्ये हे दोन्ही संघ खेळायचे. दर मोसमाआधी लीगमध्ये नाव दिलेल्या नव्या मुलींना ठाण्याच्या एका हॉलमध्ये बोलावत, आणि प्रत्येक संघ आपली पाळी आली की एकेक मुलगी निवडे. सगळे त्याला ड्राफ्ट म्हणत. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरत. यंदा पहिली पाळी कळव्याला आली होती आणि ठाकुर्लीला चौथी.

"आमची पहिली पाळी तू घे," मैदानाच्या कठड्यावर बसत सर म्हणाले. "तुझी चौथी आम्हाला दे, दुसऱ्या फेरीतलीही दे. आणि रसिका दे."

"रसिका?"

"गेल्या वर्षी जिला वाटेल ती आम्हाला गोल मारून गेली गं. पुढे पळणाऱ्या पोरी आहेत माझ्याकडे. मागे उभी राहणारी एक पाहिजे. घाई नाही, विचार करून सांग."

पहिली पाळी म्हणजे कल्पिता, हे उघड होतं. कळव्याची एकोणीस वर्षांची मुलगी, अजून कुठल्याच संघात नव्हती, पण कॉलेजच्या सामन्यांत तिच्या डाव्या पायाचे गोल सगळ्यांनी पाहिले होते. तशी मुलगी ठाकुर्लीच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

संचिताला खरं तर विचार करायचाही कंटाळा आला होता. दिवसभर शाळेत पीटी शिकवायची आणि संध्याकाळी हा संघ. मैदानाची परवानगी, पाण्याचे कॅन, हरवलेले मोजे, 'आता हिचं लग्नाचं वय झालं' म्हणणाऱ्या आयांची समजूत, सगळं तिच्याच गळ्यात. आणि एवढं करून संघ लागोपाठ दोन वर्षं तळाला.

संघाचा खर्च उचलणारा सलिल डोंबिवलीत कोचिंग क्लास चालवायचा. तो ऐकताक्षणी म्हणाला, "हो सांगून टाका मॅडम."

"एक पुढची मुलगी घेऊन काय करू? तिच्यापर्यंत चेंडू कोण नेणार? मागे रसिका नसेल, बाकावर बसायला मुली नसतील. एखादीचा पाय मुरगळला तर अकरा पुऱ्या करताना नाकी नऊ येतील."

"आणि चौथ्या पाळीला कोण मिळणार आहे? परत एक बरी मुलगी, दुसऱ्या फेरीत अजून एक बरी मुलगी. बऱ्या मुली आपल्याकडे भरपूर आहेत, मॅडम. तरी तळालाच आहोत ना?"



"रसिका पहिल्या दिवसापासून आहे," संचिता एवढंच म्हणाली.

"म्हणून काय देवघरात ठेवायची तिला?"

रविवारी सराव संपल्यावर संचिता रसिकाजवळ जाऊन बसली. रसिका एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये होती. लग्न होऊन कळव्याला गेली, तरी तिने संघ सोडला नव्हता. बुटांच्या नाड्या सोडता सोडता तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मी नको म्हणावं असं वाटतंय तुम्हाला, की हो म्हणावं?"

"मलाच माहीत नाही गं."

रसिकाने मोजे झटकले, घडी करून बॅगेत टाकले. मग म्हणाली, "द्या मला."

"रागावलीस?"

"रागवायला अंगात जोर लागतो, ताई." ती हसली. "कळव्याचं मैदान आमच्या बिल्डिंगच्या मागेच आहे. स्वयंपाकघरातून दिसतं. ते मागे टाकून मी दर आठवड्याला इथे येते. सासूबाई काही बोलत नाहीत. पण त्यांच्या त्या न बोलण्याचाही वीट येतो हो."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही एकट्या पडाल म्हणून."

दोन वर्षांपूर्वीच हे सगळं सोडायचं संचिताच्या मनात होतं. रसिका एवढ्या लांबून येते, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून ती थांबली होती. ते आता ओठांवर आलं, पण तिने गिळलं. तिला हायसं वाटलं, आणि थोडा अपमानही. एवढी वर्षं आपण ज्याला निष्ठा समजत होतो ती निम्मी कीव होती की काय?

"बरं," ती म्हणाली. "सरांना कळवते."

ठाण्याच्या हॉलमध्ये पहिलं नाव पुकारायला संचिता उभी राहिली आणि तिने कल्पिताचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. कल्पिता पुढे आली, जर्सी हातात धरून फोटोला उभी राहिली. सलिलने तो फोटो मोठा करून क्लासच्या दारात लावला.

मोसम सुरू झाला. कल्पिता गोल करायची आणि मागून तेवढेच खावे लागायचे. एक सामना तर चार गोल करूनही हरला. मधल्या फळीतल्या दोघी आजारी पडल्या, तेव्हा बाकावर फक्त बॅगा होत्या. कळव्याशी सामना झाला त्यात रसिकाने कल्पिताला वळूसुद्धा दिलं नाही. ठाकुर्ली एका गोलने हरली. संपल्यावर रसिका धावत आली आणि संचिताच्या गळ्यात पडली. रसिकाचा चेहरा भरला होता, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. संचिताला बरं वाटलं, आणि एकटंही.

शेवटी ठाकुर्लीचा संघ चौथा आला. तळाला नाही, वरही नाही. सलिलच्या मते अदलाबदल फायद्याची ठरली. संचिताने वाद घातला नाही.

शेवटच्या सामन्यानंतर बाकीच्या मुली गेल्या. कल्पिता घोट्याला बर्फ लावत बसली होती. रसिकासारखं मनात ठेवून वर्षं काढायची नाहीत, असं संचिताने ठरवलं होतं. ती म्हणाली, "कल्पिता, पुढच्या वर्षी मी नसेन. दमलेय गं मी. नवीन कोच बघायला सांगणार आहे."

कल्पिताने बर्फाची पिशवी खाली ठेवली.

"मग मला ओढून कशाला आणलंत?"

"ओढून?" संचिताने विचारलं.

"मी कळव्याची. घरापासून चालत मैदान. सगळे म्हणायचे, हरिहर सर तुलाच घेणार. आईने शेजारीपाजारी सांगितलेलं. आणि त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही माझं नाव घेतलंत. आई रडलेली घरी. रसिकाताईला विचारलेलंत ना तुम्ही? तिनेच सांगितलं मला. मला कोणी विचारलं?"

"नाही विचारलं."

"मनात तरी आलेलं?"

"नाही," संचिता म्हणाली. खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. "आता विचारते. परत जायचंय कळव्याला? सरांशी बोलते मी."

कल्पिताने घोटा चोळला. "आता नाही. आता इथल्या पोरी माझ्या झाल्या. कोण कुठे धावणार ते न बघता कळतं मला. आता म्हणे तुम्ही जाणार."

संचिता तिच्या शेजारी बसली. निघायचं पक्कं करून आली होती, पण या मुलीसमोर ते वाक्य दुसऱ्यांदा बोलवेना.

दोन दिवसांनी ती सलिलकडे गेली. "अजून एक वर्ष बघते. पण पाण्याचे कॅन आणि मैदानाची परवानगी तुम्ही बघायची. आणि ड्राफ्टच्या आधी ज्या मुलीचा विचार असेल तिला मी फोन करणार. यायचंय का, ते विचारणार."

"नियमात असं काही नाही, मॅडम. आणि समजा नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

"बाकीचे संघ असं करणार नाहीत. आपलंच नुकसान."

"होऊ दे."

पुढच्या ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर, तिने खरंच फोन लावला. कल्याणची गोलकीपर, सलिलच्या मते यंदाची सगळ्यात चांगली मुलगी. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "सॉरी मॅडम, मला तुमच्याकडे नाही यायचं."

"बरं बाळा," संचिता म्हणाली. तिने पाण्याचा घोट घेतला आणि दुसऱ्या मुलीला फोन लावला.