छापा पडलेला दिवस

ठकीने नाणं उडवलं आणि मनगटावर दाबून धरलं. छापा. म्हणजे आज अप्पांकडे जायचं.

पन्नाशीची बाई, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि रोज सकाळी ओट्याशी उभी राहून हा पोरखेळ करते, असं कुणालाही वाटलं असतं. पण हे खूळ भांडणातून निघालं होतं. विसरणं वाढल्यापासून अप्पा दादाकडे राहत. मागच्या महिन्यात दादा फोनवर फटकन बोलून गेला होता.

"ठके, राग मानू नकोस. पण तू येतेस त्या दिवशी ते ताटाला शिवत नाहीत."

"अरे, ते बिघडले की मगच तू मला बोलावतोस! मग माझं येणं आणि त्यांचं न जेवणं एकत्र दिसणारच. माझ्यामुळेच होतं हे कशावरून?"

"कॉलेजातलं मला शिकवू नकोस. मग ठरवायचं कसं, ते सांग."

हे तर ती दरवर्षी पोरांना सांगायची. नुसतं बघत बसून कारण कळत नाही, आपण हात घालून बघावं लागतं. जायचं की नाही हे दादाने ठरवायचं नाही, तिने नाही, अप्पांच्या तब्येतीनेही नाही. नाण्याने ठरवायचं. बाकी सगळं तेच, वेळ तीच आणि वाढणारी वहिनीच. दादा "बरं बाई" म्हणाला. आपण या आरोपातून सुटणार, याची तिला मनातून खात्री होती.

कसलं काय! काटा पडला की अप्पा चाटूनपुसून जेवत. छापा पडला की ताट तसंच परत. चूक शोधायला तिने जंग जंग पछाडलं, पण सापडली नाही. अप्पांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. आज शेवटचं जायचं आणि मग बंद, असं तिने ठरवून टाकलं. त्या विचाराने तिला रडू आलं.

दादाकडे वहिनी अप्पांपुढे ताट ठेवून आत गेली. एरवी ठकी "अप्पा, घ्या ना एक घास" असा धोशा लावायची. आज तिच्यात त्राणच नव्हतं. ती त्यांच्यासमोर दाराकडे पाठ करून बसली.

अप्पाच हळू आवाजात म्हणाले,

"बाई, जरा सरकता का? दार दिसत नाही."

"कुणी यायचंय?"

"आमची ठकी. शाळेतून येईल आता. उपाशी असते हो पोर." त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "तुम्ही थोड्या तिच्यासारख्या दिसता. तुम्हाला पाहिलं की तिची आठवण होते. मग घास उतरत नाही."

ठकीने 'अप्पा' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पदराने डोळे टिपले.

"ती जेवली हो, काका. आमच्याकडेच जेवली."

"पोटभर?"

"पोटभर."

अप्पांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला.