ओइवाच्या पेल्यातली पुडी

ओउलु शहरातल्या एका पाळणाघरात सकाळची ओटची लापशी झाली की तिथं मुलं सांभाळणारी आउने त्यांच्या दुधात पुड्या मिसळायची. काहींना निळी, काहींना पिवळी. एका रंगात कानाची-छातीची दुखणी दूर ठेवतील असे वाटणारे जिवाणू, दुसऱ्यात नुसतं पीठ. पुड्यांचा गुण येतो का, याची तपासणी चालू होती; खरी कुठली, ते ती संपेपर्यंत पुड्या आणून देणाऱ्या नर्स पाइविक्कीलाही ठाऊक नव्हतं.

आउनेला मात्र ठाऊक झालं होतं. म्हणजे तिनंच ठरवून टाकलं होतं. पिवळीवाली पोरं बर्फात लोळूनही ठणठणीत, आणि निळी पिणारी तिची नात हिल्ला तीनदा कान धरून रडलेली. चौथ्यांदा दुखला तर भूल देऊन कानात नळी बसवू, असं डॉक्टर म्हणाले होते. अडीच वर्षांच्या जिवाला भूल! नोव्हेंबरातल्या एका सोमवारी तिनं हिल्लाची पुडी पिवळी पिणाऱ्या ओइवाच्या पेल्यात टाकली आणि ओइवाची हिल्लाच्या. मग रोजच.

हिल्ला बरी राहिली. पण आउनेचं चित्त काही थाऱ्यावर राहीना. ओइवा शिंकला की हिच्या हातातला चमचा थांबायचा. बाहेर जायचे कपडे चढवताना ती उगाच दहादा त्याचे कान बघायची. जानेवारीत त्याचा कान वाहिला, उशी ओली झाली, आणि हिला राहवेना. तिनं पाइविक्कीला सगळं सांगून टाकलं.

पाइविक्की रागावली असती तर बरं झालं असतं. कुठल्या तारखेपासून, एवढंच विचारून तिनं दोन्ही मुलांची नावं तपासणीतून काढली आणि ओइवाच्या आईला, कात्रीला, कळवलं. तेव्हापासून कात्री पोराला दारातूनच आत सोडायची. आउनेकडे बघायचीसुद्धा नाही.

जूनमध्ये तपासणी संपली, पत्र आलं. जिवाणू निळ्या पुडीत होते.

आउनेनं ते दोनदा वाचलं. म्हणजे खरी पुडी ओइवालाच गेली होती! तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. संध्याकाळी कात्री दिसताच तिनं पत्र पुढे केलं.

"बघ बाई, मी त्याला दिली तीच खरी होती. तरी कान वाहिला, त्याला मी काय करणार?"

कात्रीनं पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं.

"खरी आहे म्हणून नव्हती ना दिलीत तुम्ही," ती म्हणाली, आणि ओइवाच्या बुटांचे बंद बांधायला खाली बसली.