ओडीलचा हात

खरं वाटणार नाही तुम्हाला. मेपलच्या झाडाचा गोड रस आटवताना माझ्या मुलीच्या, तेव्हा तीन वर्षांच्या ओडीलच्या हातावर उकळता पाक सांडला. मी तिला काखेत घेऊन एका ढांगेत टेकडी उतरलो आणि तिचा हात वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरला. त्या पाण्याने ओढ्याला पूर आला, त्यात एक अस्वल वाहून गेलं. मग हातावर स्वच्छ कापड सैल गुंडाळून तिला थेट दवाखान्यात नेलं. डागसुद्धा राहिला नाही.

मंडळी हसली. शेजारी बसलेल्या ओडीलने बाही वर केली. तिची बोटं आता उघडत नाहीत.

"बाबा, आपण नळापर्यंत गेलोच नाही," ती म्हणाली. "पाकाचा फेस बसवायला कढईजवळ लोणी ठेवतो ना आपण? तेच तुम्ही चोळत बसलात."