गुलबासाखालच्या कळ्या

मूर्तिजापूरच्या शिवेवर, शेषराव पाटलांच्या विहिरीला लागून पार्बताबाईचा फुलमळा होता. तिच्या घरी घड्याळ नव्हतं आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नाही. झेंडू तोडायचा तो दव असताना, निशिगंधाच्या कळ्या ऊन कलल्यावर. विहिरीमागच्या दाट गुलबासानं फुलं उघडली की पाट बंद करायचा आणि चूल पेटवायची. गुलबास बाजारात कुणी घेत नसे. पार्बताबाई म्हणायची, तो आपला मळ्याचा घंटावाला आहे, त्याला पगार नाही.

लढाई संपल्याच्या पुढल्या वर्षी तिचा भाचा देवीदास लष्करातून परतला. इटलीत त्यानं दोन वर्षं लॉरी चालवली होती. स्टेशनावरून घरी आल्या आल्या त्यानं दारातच मावशीच्या पाया पडून आपलं कपाळ आणि नाक तिच्या कपाळाला-नाकाला टेकवलं, तेव्हा गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारच्या माणिकबाईनं तर विचारलंच की हा कोणत्या मुलखातून बकरीसारखी टक्कर द्यायला शिकून आला. देवीदासानं न लाजता सांगितलं, की इटलीतल्या इस्पितळात शेजारच्या खाटेवर हेमी नावाचा माओरी शिपाई होता. समुद्रापलीकडच्या न्यूझीलंडचा, अंगानं थोराड आणि गाण्याचा मोठा शौकीन. त्याच्या लोकांत भेटल्यावर असं नाकाला नाक लावून एकमेकांचा श्वास घेतात. निघताना हेमीनं आपल्या गळ्यातला हिरवा दगड काढून देवीदासाच्या गळ्यात घातला होता. तो दगड स्वतःसाठी कुणी मागत नाही की विकत घेत नाही, कुणी दिला तरच घालायचा, असं देवीदास सांगे.

अशा गोष्टी ऐकत पार्बताबाई हार ओवत बसायची. काही ध्यानात राहायच्या, काही राहायच्या नाहीत.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एके दिवशी मावशी-भाचे झेंडू घेऊन सकाळच्या गाडीनं अमरावतीला गेले आणि दिवेलागणीला परतले. देवीदास रिकाम्या टोपल्या मळ्यातल्या खोपीत ठेवून आला. दुसऱ्या सकाळी तोच आधी मळ्यात पोचला. पार्बताबाई मागून आली तेव्हा तो पाटाशी बसून हात धूत होता. धुतले, डोक्यावर पाणी शिंपडलं, पुन्हा धुतले.

"तिकडे जाऊ नको, मावशी," तो म्हणाला. "पाटील मेले."

विहिरीमागच्या गुलबासात शेषराव पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू फुटलेली. पार्बताबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा भाच्याच्या ओल्या हातांकडे, आणि तिच्या मनात जे येऊ नये ते येऊन गेलं.

तेच सगळ्यांच्या मनात आलं. दुपारी फौजदार आले. शेषरावांचा चुलतभाऊ चंद्रभान, ज्याचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शेषरावांशी कायमचा तंटा, तो डोळे पुसत पुढे झाला. काल दिवे लागताना आपण बांधावरून जात होतो, तेव्हा शेषराव धडधाकट उभे राहून देवीदासाशी भांडत होते, असं त्यानं सांगितलं. आज सकाळी देवीदासाला हात धुताना तर दोन गड्यांनी पाहिलं होतं. फौजदारांनी हात धुण्याचं कारण विचारलं. देवीदास म्हणाला, मेल्या माणसाजवळून निघालं की जित्या माणसांत जाण्याआधी पाणी घ्यायचं, माओरी लोकांची रीत आहे, माझ्या दोस्तानं शिकवली. शिपाई हसले. त्याला दोरी लावली. जाताना त्यानं गळ्यातला हिरवा दगड काढून मावशीच्या मुठीत दिला.

दगड त्याच्या अंगानं अजून कोमट होता. तो मुठीत धरला आणि तिला शिमग्यातली एक संध्याकाळ आठवली. हीच रीत त्यानं तेव्हा सांगितली होती, अन् तिनं वर म्हटलं होतं, आपणही मसणातून आलो की आंघोळ करतोच की रे. स्वतःच्या तोंडचं ती विसरली होती. तिला फार लाज वाटली. पण लाजून भाचा सुटणार नव्हता आणि खुनाला फाशी असते हे तिलाही ठाऊक होतं.

तेवढ्यात प्रेत उचललं. सगळे प्रेताकडे पाहत होते. ती माळीण, तिनं झाडाकडे पाहिलं. भोवतालच्या फांद्यांवर कालची फुलं उमलून, मिटून चिंधीसारखी लोंबत होती. शेषरावांच्या छातीखाली मात्र नुसत्या कळ्या. चेपलेल्या, पण घट्ट मिटलेल्या.

ती फौजदारांच्या घोड्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, पाटील दिवे लागताना उभे नव्हते. गुलबास उमलायच्या आधीच ते पडले. तवा माझा पोरगा अमरावतीच्या बाजारात झेंडू विकून राहिला होता. साऱ्या बाजारानं पाह्यला."

"बाई, फुलं कधी साक्ष देतात काय?"

"माणसं देऊन राहिली. फुलांनी काय पाप केलं?"

फौजदारांना हसू आलं, पण ते घोड्यावरून उतरले. माणूस जिद्दी होता. त्यांनी स्वतःच्या हातानं कळ्यांच्या एका फांदीवर सपाट दगड ठेवला आणि बाजेवर घड्याळ काढून बसले. पार्बताबाईनं चहा केला. पाच वाजायला थोडा अवकाश असताना पहिलं फूल सुटलं, मग बघता बघता सगळा गुलबास गुलाबी झाला. दिवे लागल्यावर त्यांनी दुसऱ्या फांदीवर दुसरा दगड ठेवला आणि पहाऱ्याला शिपाई बसवला.

त्या रात्री पार्बताबाई जेवली नाही. झाडानं उद्या आपल्याला खोटं पाडलं तर, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सकाळी फौजदारांनी दोन्ही दगड उचलले. दिवेलागणीच्या दगडाखाली उघडी फुलं चुरडली होती. दुपारच्या दगडाखाली कळ्या होत्या, चेपलेल्या, घट्ट मिटलेल्या. त्यांनी शेषरावांच्या खालची फांदी शेजारी धरून पाहिली आणि चंद्रभानाला बोलावणं धाडलं.

मेलेला माणूस दिवे लागताना कसा भांडत होता, असं त्यांनी चंद्रभानाला विचारलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या कडब्याच्या गंजीतून रक्ताचं धोतर निघालं आणि मग त्यानंच तोंड उघडलं. दुपारी पाण्यावरून बोलाचाली झाली, हातात फावडं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवीदास घरी आला तेव्हा बाया पुन्हा दारात जमल्या. पार्बताबाईनं त्याची दृष्ट काढली, कानशिलावर बोटं मोडली. मग टाचा उंचावून तिनंच आपलं कपाळ आणि नाक त्याला टेकवलं. या खेपेला माणिकबाईसुद्धा हसली नाही.

ऊन कलल्यावर दोघं मळ्यात गेले. निशिगंध तोडायचा राहिला होता.

"तुये हात पाहून मले तुयावर संशय आला होता," ती म्हणाली. "क्षणभर. पण आला."

"मले दिसला तो," देवीदास म्हणाला. "मनात अढी नको, म्हणून तर दगड तुले देल्ला."

तिनं दगड पुढे केला, तर त्यानं तिची मूठ मिटवली. "देल्लेला वापस नाही घेत."

"मी कुठं मागतला होता रे?"

"म्हणूनच तुया झाला."

तिनं दोरी गळ्यात घातली आणि दगड चोळीआड सारला. थोडा वेळ तो गार लागला, मग लागेनासा झाला. शेषराव पडले त्या जागी गुलबास उघडू लागला होता. तिथं दोघं जरा उभे राहिले. पाटील भला माणूस होता. परतताना पाटाशी बसून आधी देवीदासानं हात धुतले, मग तिनं. तिनं डोक्यावर पाणी शिंपडलं, पाट बंद केला आणि दोघं टोपल्या घेऊन घराकडे निघाले. चूल पेटवायची वेळ झाली होती.