उताराची फरशी

पाणसळीच्या काचेच्या नळीतला वाटाण्याएवढा बुडबुडा मधल्या रेघांत यायला तयार नव्हता. सुताराने पट्टी हातभर पुढे सरकवली, उलटी फिरवून ठेवली, तरी बुडबुडा आपला खिडकीच्या बाजूलाच जाऊन बसायचा. आणि शेजारी उकिडव्या बसलेल्या ह्याला आतून बरं वाटत होतं. दोन वर्षं हा मनाशी हेच तर म्हणत होता, की ह्या खोलीची फरशी वाकडी आहे.

फरशी ह्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याने घातलेली होती. स्वतःच्या हातांनी, रजा काढून. तो पंप दुरुस्त करायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली होती आणि हा तिच्याशी लग्न करून ह्या घरात आला त्याला दोन. तेही पन्नाशीला टेकल्यावर, चारचौघांनी ‘आता कशाला’ म्हटल्यावर. भिंतीवर त्या माणसाचा फोटो नव्हता, कपाटात कपडे नव्हते. असते तर बरं झालं असतं, निदान कुठे बघायचं नाही ते कळलं असतं… फरशीवरून मात्र रोज चालावं लागायचं. नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं सरळ रेघा मारण्यात गेलेला हा. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवताना, घरंगळत दारापर्यंत गेलेली पेन्सिल आणायला उठताना ह्याला एक कडवट समाधान मिळायचं — जमलं नव्हतं त्याला. एवढं एक तरी जमलं नव्हतं. म्हणून तर लाकडी जमिनीची टूम ह्याने काढली. पाय गारठतात, असं सांगून.

सुतार उठून दारापर्यंत गेला, फरशीवर तळवा फिरवत परत आला.

“साहेब, ही वाकडी नाही. उतार दिलाय. खिडकीपासून दारापर्यंत दोन बोटांचा, पण कुठे खड्डा नाही की उंचवटा नाही. ज्याने घातली त्याचा हात बसलेला होता.”

“राहत्या खोलीत उतार कोण देतं?” ह्याचा आवाज नकळत चढला.

ती चहा घेऊन दारात उभी होती. “सासूबाई ह्या खोलीत होत्या,” ती म्हणाली. “अंथरुणाला खिळलेल्या. पलंगाखाली दिवसातून चारदा धुवावं लागायचं. पाणी आपोआप बाहेर जावं म्हणून त्याने तशी घातली. धुवायचाही तोच. मला हात लावू द्यायचा नाही.”

कप ठेवून ती गेली. तो… धुवायचा… द्यायचा नाही. ह्याला ती ‘अहो’ म्हणायची, ‘तुम्ही’ म्हणायची. मायेने म्हणायची, त्यात खोट नव्हती. पण एकेरीवर यायला माणसं किती भांडावी लागतात, रुसावी लागतात, एकमेकांची आजारपणं काढावी लागतात! ते सगळं त्याच्याबरोबर होऊन गेलेलं, आणि माझ्या वाट्याला हे ‘तुम्ही’ — पाहुण्यांसाठी ठेवलेल्या टॉवेलासारखं, स्वच्छ, घडी न मोडलेलं.

“भरून काढा,” हा सुताराला म्हणाला. “अगदी सपाट करा.”

“गरज नाही, साहेब. उतार एकसारखा आहे, फळ्या आरामात बसतील. उगाच दोन दिवस वाढतील.”

“वाढू देत.”

मग हा स्वयंपाकघरात गेला आणि सुतार काय म्हणतो ते अर्धंच तिला सांगितलं — उतार भरायला दोन दिवस वाढतील एवढंच; गरज नाही म्हणाला, ते गाळलं. ती नको म्हणेल याची हा वाट बघत होता. नको म्हणाली असती तर ह्याला भांडता आलं असतं, दोन वर्षं गिळलेलं सगळं ओकून टाकता आलं असतं…

“भरा की,” ती भांडं विसळत म्हणाली. “दार तेवढं खालून तासून घ्यायला सांगा. नाहीतर अडकेल.”

दुपारी सुताराने बादलीतला सिमेंटचा राखाडी, ताकासारखा पातळ माल ओतला. माल आपणहून दाराकडे धावला, त्या पाण्याच्या वाटेनेच, आणि उंबऱ्याशी ठोकलेल्या पट्टीला अडून हळूहळू मागे चढू लागला. दोघं बाहेरून बघत होती. पलंगाखाली वाकून, खराट्याने पाणी लोटणारा एक माणूस ह्याला दिसला; त्याला चेहरा नव्हता, नुसती पाठ होती, आणि त्या पाठीचा राग काही केल्या येईना.

“आठवण येते?” ह्याने विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“येते कधीमधी. रोज नाही येत आता.” मग ती म्हणाली, “तुम्ही चहा प्यायलाच नाहीत.”

रोज नाही. मग रोज कुणाला येत होती? टेबलाशी वाकताना, पेन्सिल उचलताना, रोज सकाळी खोलीत पहिलं पाऊल टाकताना त्याचं उणंदुणं काढत कोण बसलं होतं? ती तर केव्हाच आपल्या कामाला लागली होती, आणि मी, ज्याने त्याला उभ्या जन्मात पाहिलं नाही…

माल खिडकीखालच्या शेवटच्या लाद्यांपर्यंत आला. ‘थांबा’ असं ह्याच्या अगदी ओठांवर आलं. कशाला थांबा, ते सांगता आलं नसतं. लाद्या बुडाल्या. खोली एका रंगाची, एका पातळीची, कुणाचीच नसल्यासारखी दिसू लागली. ह्याची नजर भिंतींवरून फिरत फिरत खिडकीच्या कडीवर गेली. पितळी होती, नेटकी बसवलेली. ती कुणी बसवली, हे तिला विचारावंसं ह्याला वाटलं — आणि काय उत्तर आलेलं आपल्याला आवडेल, हेच ह्याला उमगेना.