ढगांची खालची बाजू

होर्डिंगला पाठ असते हे कुणाच्या गावीही नसतं. लोक पुढून बघतात. हसणारी बाई, चकचकीत गाडी, कुठल्यातरी क्लासची दात काढलेली पोरं. मागे गंजकं लोखंड, कबुतरांची घाण आणि आम्ही दोघं. फ्लेक्सवाले काका खालून दोर ओढतात, मी वर चढून बांधते. ‘मुलगी असून वर चढतेस?’ असं एका दुकानदारानं विचारलं होतं तेव्हा माझ्या हातून पक्कड निसटली. त्याच्या बुटापासून वीतभर लांब पडली. तेवढा नेम आहे माझा. तेव्हापासून काका मला ठिणगी म्हणतात.

आमचं काम संध्याकाळी, रस्त्यावरचं ऊन उतरल्यावर. सूर्य बुडाला तरी ढग असले की आम्हाला थोडा उजेड मिळतो, कारण ढग खालून पेटतात. आधी बुटके ढग विझतात, राखेसारखे होतात. वरचे, पिंजलेल्या कापसासारखे, तेव्हाही लालच असतात. तेही विझले की काका ओरडतात, “ठिणगे, उतर! आता तुझा बाप समोर आला तरी दिसणार नाही.”

बाप तसाही दिसत नाही. मी पहिलीत असतानाच गेला.

ढग खालून का पेटतात हे मला दादानं शिकवलं. शाळेत मी विचारलं होतं, तर बाई म्हणाल्या, परीक्षेत येत नाही. मी म्हणाले, मग आकाश कशाला येतं रोज? वर्गाबाहेर उभी राहिले. घरी येऊन दादाला सांगितलं तर तो हसून हसून आडवा झाला. मग त्यानं रबरी चेंडू घेतला, त्यात काडी टोचली, काडीच्या टोकाला कापूस लावला आणि खिडकी बंद केली.

“हा चेंडू म्हणजे पृथ्वी. कापूस म्हणजे ढग. टॉर्च म्हणजे सूर्य. आता बघ, टॉर्च खाली नेतो.”

टॉर्च चेंडूच्या आड गेला. काडीच्या बुडाशी अंधार झाला, पण कापूस पेटलेलाच. तोही खालच्या अंगानं.

“आता हेच फळीवर कर,” दादा म्हणाला. मी केलं. टॉर्च फळीखाली गेला की कापूसही खल्लास. “कळलं? जमीन फळीसारखी असती तर सगळ्यांचा सूर्य एकदम बुडाला असता. गोल आहे, म्हणून एकाचा बुडतो तेव्हा दुसऱ्याची भरदुपार असते.”

असा होता माझा दादा. म्हणून तो पूर्वेकडे, पार समुद्रापलीकडे नोकरीला निघाला तेव्हा घरात जे विकण्यासारखं होतं ते मी स्वतः उचलून दुकानात नेऊन दिलं. शाळेचंही तेव्हाच संपलं. शाळेवर माझा जीव नव्हता, खोटं कशाला बोलू. पण ती कधी सोडायची हे मला ठरवायचं होतं.

दादा गेला आणि आईचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही. मोतीबिंदू. शिवणाचं काम करायची, आधी सुई ओवता येईना, मग शिवण वाकडी जायला लागली, मग मशीनवर चादर पडली ती पडलीच. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, लवकर करा, जास्त पिकला की त्रास. आईचं एकच पालुपद.

“माझा लेक आला की करीन. पट्टी सुटली की पहिलं त्याचं तोंड बघायचंय.”

“आणि माझं?”

“तुझं काय बघायचंय? तुझं तोंड कानानंच कळतं.”

दादाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. व्हिडिओ. मी तेव्हा कुठल्यातरी सांगाड्यावर लटकलेली असायची. सुट्टीच्या दिवशी घरी असले की दिसायचा. बंद खोली, मागे पडदा, पिवळा दिवा. “इकडे रात्र झाली गं,” म्हणायचा. बरोबर होतं. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा बरीच पुढे.

मग त्या दिवशी वारा सुटला. वाऱ्यात फ्लेक्स म्हणजे शीड, माणसाला घेऊन उडतो. काकांनी काम थांबवलं आणि मी उजेड असतानाच घरी आले. दार उघडंच होतं. आई खाटेवर दाराकडे पाठ करून बसलेली, फोन नाकाला लावलेला, वास घेतल्यासारखा. तिच्या खांद्यावरून मला स्क्रीन दिसला. आईच्या तोंडानं त्याचा सगळा स्क्रीन भरलेला असणार, त्याला मी दिसलेच नाही.

“चल आई, झोपतो आता. मध्यरात्र व्हायला आली इकडे.”

“झोप रे राजा. पांघरूण घे नीट.”

त्याच्या मागे पडदा नव्हता. त्याच्या मागे आकाश होतं. आणि आकाशात ढग होते, खालून लालबुंद.

मी जिथे होते तिथेच खिळले. आधी वाटलं, फोटो असेल मागे. पण बघता बघता खालचा जाडा ढग कडेपासून राखाडी व्हायला लागला. मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्याकडचा जाडा ढगही राखाडी व्हायला लागला होता. वरचे कापूस अजून लाल. इकडेही, तिकडेही.

मध्यरात्री ढग खालून पेटत नाहीत. मध्यरात्री सूर्य पार चेंडूच्या पलीकडे असतो. हे मला कुणी शिकवलं? त्यानंच.

तो आता व्हिडिओ नावापुरताच लावत होता, आईला आवाज ऐकू आला की झालं. बंद खोली, पडदा, दिवा, एवढी नाटकं कशाला? म्हातारीला कुठे दिसतंय! गच्चीवर गार वारा खात बोललं तरी चालतं. हे माझ्या डोक्यात आलं आणि कानशिलं तापली. पण ओरडायच्या आधी आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्या खांद्यामागे लोखंडी सांगाडा होता. होर्डिंगची पाठ. मधोमध निळ्या ताडपत्रीचं ठिगळ, हिरव्या नायलॉननं शिवलेलं.

ते ठिगळ मी शिवलं होतं. तार संपली होती म्हणून नायलॉन वापरलं आणि काकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

“कोण आलं?” आईनं फोन ठेवून विचारलं.

“मीच.”

“दादाचा फोन होता. तू थोडी आधी आली असतीस तर भेटला असता.”

“भेटेल,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, मोठ्या चौकातलं ते ठिगळ सैल झालंय, बघून येते. काका म्हणाले, “स्वतःहून काम? ताप आलाय का तुला?” मी सांगाड्यावर चढले. समोर चार मजली इमारतीची गच्ची, टाकीच्या कडेला पत्र्याची एक खोली. दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती. आणि माझा समुद्रापार गेलेला दादा, बनियनवर, चिमटे तोंडात धरून ती काढत होता.

मी उतरले, रस्ता ओलांडला आणि जिने चढले.

मला बघून त्याच्या तोंडातले चिमटे पडले.

“तू... तू इथे कशी?”

“विमानानं. तुझा देश एवढा जवळ आहे हे माहीत नव्हतं.”

“हळू बोल. ती आत बाळाला झोपवतेय.”

“मग? आमचं बाळ घरी आंधळं होत बसलंय. त्याला कोण झोपवणार?”

तो टाकीच्या कट्ट्यावर बसला. जाडा झाला होता. बोलायला लागला तो बोलतच सुटला. एजंटनं फसवलं. तिकडे उतरल्यावर नोकरीच नव्हती. तीन आठवड्यांत परत पाठवलं. घरी कुठल्या तोंडानं येणार?

“ज्या तोंडानं रोज फोन करतोस त्याच.”

“वाटलं, इथे काही जमलं की येईन. मग टाइल्सच्या दुकानात लागलो. मग ही भेटली. मग बाळ. प्रत्येक महिन्याला वाटायचं, पुढच्या महिन्यात सांगू.”

मला त्याची दया यायला लागली होती. खरंच. फसवला गेलेला माणूस, कुणावरही येते तशी वेळ. मी म्हटलं, “बरं, झालं ते झालं. आजच चल. आईला सांग. रडेल, दोन कानाखाली देईल, मग नातवंडाला मांडीवर घेईल. आणि ऑपरेशन करून घेऊ. तुझ्यासाठी थांबलीय ती.”

तो दुपट्याची घडी घालत बसला. घातलेली मोडून परत घातली.

“ऑपरेशनची काय घाई आहे?” तो म्हणाला.

“काय?”

“म्हणजे... मीच तिला म्हटलंय थांब म्हणून. मी आलो की करू.”

“तू म्हटलंस?”

“तिला नीट दिसायला लागलं तर व्हिडिओवर... ती विचारणार ना. खोली दाखव, रस्ता दाखव, तुझे साहेब दाखव. आत्ता कसं, आवाज ऐकला की खूश असते.”

मला वाटायचं की माझा राग मला माहीत आहे. पटकन येतो, काहीतरी फुटतं, संपतो. हा तसला नव्हता. हा गार होता. मी त्याच्या हातातून दुपटं काढून घेतलं आणि नीट घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवलं.

“आज संध्याकाळी तिला सांगशील, मला सुट्टी नाही, माझी वाट बघू नकोस, ऑपरेशन करून घे. नाही सांगितलंस तर उद्या तिला हाताला धरून हे चार जिने चढवीन. तिला दिसत नाही, पण दुपट्यांचा वास येतो.”

“तुला कळलं कसं पण?”

“ढगांवरून.”

त्याला आठवलंसुद्धा नाही. कसले ढग, अशा चेहऱ्यानं बघत राहिला.

संध्याकाळी त्यानं सांगितलं. आई रडली, हट्ट केला, मग म्हणाली, “माझा लेकच म्हणतोय तर करते बाई.” मी गेलं वर्षभर घसा फोडत होते ते हवेत गेलं होतं. ते जाऊ दे.

एका डोळ्याचं झालं. पट्टी सुटली तेव्हा समोर मी होते. आईनं माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, “किती काळवंडलीस गं. आणि हे हातावर काय, वळ?”

“दोराचे.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुला माझं तोंड कानानं कळत होतं ना.”

ती हसली नाही. माझा हात धरून तळवा उलटा-सुलटा करत राहिली.

दादाचा फोन आला, नुसता आवाजाचा. कॅमेरा बिघडलाय म्हणे. दुसऱ्या दिवशी नेट नव्हतं. तिसऱ्या दिवशी परत कॅमेरा. आई रोज काळा गॉगल काढून, केस सारखे करून बसायची आणि फोन वाजला की स्क्रीनवर गोलात त्याचा जुना फोटो बघून परत गॉगल घालायची. नजर आली तसा लेक गेला. एकदा डोळा पुरता बरा होऊ दे, मग तिला खरं सांगू, असं मी ठरवलं होतं.

मग एक दिवस काम नव्हतं. संध्याकाळी आई खिडकीत बसली होती, एकदम हाक मारली.

“अगं ये, ये! हे बघ केवढं लाल. खालून चूल पेटवल्यासारखं!”

मी गेले. मस्त होते ढग, खालचे जाडे, वर कापूस. आईच्या तोंडावर तो उजेड पडला होता आणि लहान पोरीसारखी दिसत होती.

“खालूनच कसे गं लाल? सूर्य तर वर असतो.”

आणि मला इतकं बरं वाटलं, कुणीतरी मला असं काही विचारलं म्हणून, की मी खाटेखालून तो चेंडू शोधून काढला. काडी लावली, कापूस लावला, फोनचा टॉर्च केला. सगळं करून दाखवलं. फळीसुद्धा. शाळा सोडलेली मी, बाईच झाले होते. म्हटलं, “बघ, सूर्य वाकणाच्या पलीकडे गेलाय, आपल्याला दिसत नाही. पण ढग उंच आहेत ना, त्यांना अजून दिसतोय. खालून.”

“म्हणजे ढग असे पेटले की सूर्य आत्ताच बुडालाय असं समजायचं?”

“हो. नाहीतर उगवणार आहे. मध्यरात्री नाही पेटत.”

“कुठल्याच देशात?”

“पार ध्रुवाजवळचे सोडले तर कुठल्याच नाही.”

बोलले आणि जीभ जागीच थांबली. पण म्हटलं, हिला काय माहीत? तेव्हा हिला दिसत कुठे होतं?

आई चेंडूकडे बघत होती. तिनं माझ्या हातातून टॉर्च घेतला, स्वतः खाली नेला, वर आणला, परत खाली नेला. कापूस पेटला, विझला, पेटला.

“मोतीबिंदूत माणसाचं तोंड दिसत नाही,” ती म्हणाली. “अक्षर दिसत नाही. पण लाल दिसतो गं. फोनमध्ये त्याच्या डोक्यामागे नुसता लाल लाल असायचा. मला वाटायचं, माझ्या लेकानं तिकडे केवढा छान पडदा लावलाय.”

मी तिची नजर चुकवून खिडकीकडे बघितलं. बाहेर जाडे ढग राखेसारखे झाले होते. वरचे कापूस राहिले होते, तेही कडेनं जायला लागले.

फोन वाजला. गोलात दादाचा जुना फोटो. आईनं तो उचलला नाही, कापलाही नाही. हातात धरून वाजून संपेपर्यंत फोटो बघत राहिली, चांगल्या डोळ्यानं.

“कुठे राहतो?” तिनं विचारलं.

“मोठ्या चौकात. होर्डिंगच्या मागे.”

“खिडकी लाव,” आई म्हणाली. “आणि त्याचा तो चेंडू टाकून दे.”